ओवी आणि ठराव

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, फराळाचे ताट पुढे ओढून मंडळी दिवाळी अंक चाळायला बसतात. त्या ताटातली चकली तळण्यासाठी घरातली कोण बाई किती वाजता उठली होती, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर फार तर तिचे कौतुक होते. ‘बिचारी, किती राबते!’ असे म्हणून आपण दुसरी चकली उचलतो. वाचकहो, सणासुदीच्या दिवशी तुमच्या तोंडचा घास कडू करावा असा माझा हेतू नाही. परंतु कष्टकरी स्त्रीविषयीची आपली मराठी समीक्षा ही बरीचशी या दुसऱ्या चकलीसारखी आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तिचे कौतुक झाले, तिच्यासाठी डोळे ओले झाले. पण तिने काय मागितले आणि कोणाकडे मागितले, हे वाचण्याची सवय आपल्याला लागली नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेवांचे नाव निघाले की जनाबाईचे निघतेच. ती गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच ती नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेणी वेचणे ही तिची रोजची कामे, आणि हीच कामे तिच्या अभंगांत आली. विठ्ठल येतो, जात्याच्या खुंट्याला हात लावतो, तिच्या मागोमाग शेणी वेचतो. देवाला आपला सोबती कामगार करून टाकणारी ही कल्पना केवढी धीट आहे! तिच्यापुढे भल्याभल्या विद्वानांनी मान तुकवली आहे आणि ती योग्यच आहे.

पण एक गोष्ट आपण पाहत नाही. जात्याला देव हात लावतो. घरातला दुसरा कोणी माणूस लावीत नाही. जनाबाई विठ्ठलाशी भांडते, त्याला बोल लावते, प्रसंगी शिव्याही देते. मालकाला मात्र ती काही मागत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या दासीने काय मागावे? तिचा हा दोष नव्हे. दोष असलाच तर आपला आहे. कारण सातशे वर्षांनंतरही राबणारी बाई देवाशी बोलत असली तरच आपण तिचे बोलणे साहित्य मानतो. मालकाशी बोलू लागली की ते आपल्या लेखी कागदपत्र होते.

हा दोष माझाही आहे. माझ्या एका कादंबरीत शेतमजूर बाईचे पात्र आहे. ती पहाटे उठते, उपाशी राहते, उन्हात करपते आणि शेवटी मरते. परीक्षणे बरी आली. ‘हृदय हेलावून टाकणारे चित्रण’ असे शब्दही वाट्याला आले. पुढे आमच्या शाळेतल्या एका मुलीने ते पुस्तक घरी नेऊन आईला वाचून दाखवले. आई हळद काढणीला जाणारी. आमच्या वसमत भागात हळदीचा हंगाम आला की पाला कापणे, कंद वेचणे, मोडणे अशा कामांसाठी बायांच्या टोळ्या शेतोशेत फिरतात आणि बांधावर उभे राहून भाव ठरवल्याशिवाय वावरात पाय ठेवीत नाहीत. ही बाई मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमची बाई लय रडती हो. तिनं एकदा तरी मजुरी वाढवून मागितली का नाही?”

मी निरुत्तर झालो. मजुरी वाढवून मागण्याचा प्रसंग माझ्या मनातच आला नव्हता. तो आमच्या गावात दर हंगामाला घडतो, माझ्या डोळ्यांदेखत घडतो; तरी कागदावर येईपर्यंत त्याचे रडणे झाले होते. त्या दिवशी घरी येऊन मी कपाटातले एक जुने पुस्तक पुन्हा काढले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. आजचा हा लेख मुख्यतः त्या पुस्तकाविषयी आहे.

हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत दलित स्त्रियांनी केलेल्या कामाचा हा इतिहास. पहिल्या भागात चळवळीचा आलेख आहे. दुसऱ्या भागात त्या चळवळीतल्या स्त्रियांची चरित्रे आणि मुलाखती आहेत. लेखिकांपैकी ऊर्मिला पवार मुळात कथालेखिका आणि मीनाक्षी मून ‘आम्ही मैत्रिणी’ या नियतकालिकाच्या संपादिका. दोघींनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळली, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांची घरे शोधून काढली आणि जे लिहिलेले नव्हते ते विचारून लिहून घेतले. नावातला तो ‘ही’ फार महत्त्वाचा आहे. ‘आम्ही’ म्हटले असते तर ती घोषणा झाली असती. ‘आम्हीही’ म्हटल्याने ती तक्रारही झाली आणि पुरावाही झाला.

या पुस्तकात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट कोणती म्हणाल, तर ते ठराव. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या असे सांगतात. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले आणि समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी सांगितले. हे वाक्य आज भिंतीभिंतींवर दिसते. त्या बायांनी त्याच मांडवात संमत केलेले ठराव मात्र कोणत्याही भिंतीवर दिसत नाहीत.

काय होते त्या ठरावांत? नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क हवा. एकाहून अधिक बायका करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी. मुलींसाठी वसतिगृहे हवीत. कायदेमंडळांत स्त्रियांना जागा हव्यात. आणि कापडगिरण्या, विडीचे कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथे काम करणाऱ्या बायांना हक्काची रजा, दुखापत झाल्यास पुरेशी भरपाई आणि ठराविक वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. गिरण्यांत बायांवर देखरेख करायला बायाच नेमाव्यात, असेही त्यांनी म्हटले.

कोणी म्हणेल, ठराव तो. रूक्ष, सरकारी भाषेतला. त्यात रस कसला? मी उलट विचारतो, ठरावाची ही यादी एकदा सावकाश वाचून पाहा. देखरेखीला बाई का हवी? पुरुष मुकादमाच्या हाताखाली काय सोसावे लागे, ते सारे या एका मागणीत न सांगता सांगितले आहे. हक्काची रजा कशासाठी? घरी मूल तापाने फणफणलेले असताना कामावर जावे लागणाऱ्या किती रात्री त्या शब्दामागे उभ्या असतील! ओवीत बाई आपले दुःख उलगडून सांगते. ठरावात ती ते मुठीत आवळून धरते. ओवीत ‘मी’ असते, फार तर जात्यापलीकडची एक जोडीदारीण असते. ठरावात ‘ही परिषद’ असते. एकटीचा उसासा हजारोंच्या सहीचा होतो, त्या क्षणी भाषा बदलते. ती कोरडी होते, कारण तिला आता कोणाला रडवायचे नसते. तिला उत्तर हवे असते.

ओवीला मी कमी लेखीत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉयटवॅं आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या खेड्यापाड्यांतल्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. मराठी भाषेचे हे धन आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ओवी रचणारी बाई आणि ठरावाला हात वर करणारी बाई या दोन बाया नव्हेत. पहाटे जात्यावर गाणारी तीच दुपारी विडीच्या कारखान्यात पाने कातरीत होती. आपण तिची पहाट वाचली आणि दुपार सोडून दिली.

त्या दुपारीची माणसे या पुस्तकात भेटतात. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या कामगार आणि कामगारपुढारी राधाबाई कांबळे. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. गिरणीत राबणारी एक अस्पृश्य मानली गेलेली बाई गोऱ्या साहेबांसमोर उभी राहून आपल्या खात्यातली हकिगत सांगते, हा प्रसंग कोणत्याही नाटककाराला मोह पाडील असा आहे. आपल्याकडे त्यावर नाटक झाल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या जाईबाई चौधरी. नागपूर आणि कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहून त्यांनी पोट भरले. शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ सालच्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. देशातल्या शिकलेल्या, प्रतिष्ठित स्त्रियांची ती परिषद. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. दलित स्त्रियांनी त्याचा निषेध केला, सभा घेतली. १९४२ची परिषद वेगळी का भरवावी लागली, याचे निदान एक कारण त्या पंगतीत आहे. फराळाचे ताट हाती असताना ही पंगत आठवणे सुखाचे नाही; पण इतिहास काही आपल्या सोयीने आठवता येत नाही.

अशी दुहेरी कोंडी फक्त आपल्याकडचीच नव्हे. बाई म्हणून कामगारांत मागे आणि जातीमुळे बायांत मागे, ही जी अवस्था, तिचे नाते जोतीराव फुल्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. त्यानंतर आठच वर्षांनी, १८८१च्या जुलैत, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात कपडे धुणाऱ्या काळ्या स्त्रियांनी संघटना बांधली आणि संप पुकारला. आरंभी त्या वीस होत्या. तीन आठवड्यांत तीन हजारांवर गेल्या. बारा पौंड कपड्यांना एक डॉलर हा भाव त्यांनी मागितला. नगरपालिकेने त्यांच्यावर जबर परवाना शुल्क बसवण्याचा धाक घातला, तेव्हा शुल्क भरू, पण आमचा भाव आम्हीच ठरवू, असे त्यांनी कळवले. पोलिसांनी काही जणींना पकडले आणि वर्तमानपत्रांनी त्यांची नावे छापली. त्या नावांतली मॅटिल्डा क्रॉफर्ड, सॅली बेल ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती या बेअब्रूच्या बातमीमुळे.

आणि आपल्याकडे? २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांची प्रचंड सभा झाली. दहा हजार कामगार जमले. मागणी होती आठवड्याच्या सुटीची. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, अशी नोंद आहे. जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण आज रविवारी निवांत चहा पितो, त्यात त्या दोन बायांच्या बोलण्याचा वाटा आहे. पण कामगार चळवळीच्या इतिहासात त्या ‘दोन स्त्रिया’ म्हणूनच येतात. नावे नाहीत, शब्द नाहीत. अटलांटाच्या बायांना निदान शत्रूने तरी नावाने ओळखले. आमच्या बाया मित्रांच्या सभेतच निनावी राहिल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकाची खरी थोरवी मला येथे दिसते. उरलेल्या नावांवर माती पडण्याआधी ते लिहिले गेले.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नव्हे. त्याची बांधणी परिषदांमागून परिषदा अशी आहे आणि सारा प्रकाश बाबासाहेबांच्या चळवळीच्या हमरस्त्यावर पडलेला आहे. कारखान्यात आत काय चालले होते, बाया कोणत्या खात्यात होत्या, पाळी किती तासांची, पगार कोणाच्या हाती पडत असे, हे वाचकाला हवे तितके कळत नाही. मुंबईच्या विणखात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. जातीने कामाची अशी वाटणी जिथे केली होती, तिथे दलित बाईच्या श्रमाची हकिगत अधिक बारकाईने विचारायला हवी होती. मुलाखतींत सभा, मोर्चे, तुरुंग भरपूर आहेत. रोजचे काम मात्र अनेकदा एका वाक्यात उरकते. अर्थात दोघींनी नोकरी-संसार सांभाळून, कोणत्याही विद्यापीठाच्या पाठबळाशिवाय जे केले, त्यापुढे ही तक्रार फार मोठी नाही. जे राहिले ते पुढच्यांनी करायचे होते.

पुढच्यांनी काय केले? आपण दलित स्त्रियांची आत्मकथने वाचली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ सालचे, ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ सालचे. दोन्ही पुस्तकांना मानाचे स्थान मिळाले आणि ते रास्त आहे. पण त्यांवर लिहिताना आपल्या समीक्षकांची लेखणी पुन्हा करुणरसाच्या वाटेने गेली. ‘जिणं आमुचं’मधली भूक आपण पाहिली; बाबासाहेबांचे जेजुरीचे भाषण ऐकून उठलेल्या बाया पाहिल्या न पाहिल्यासारख्या केल्या. ‘आयदान’च्या आरंभी डोंगरवाटेने ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बाया आहेत. आपण त्यांच्या डोक्यावरचे ओझे मोजले. त्या वाटेवर चाललेले त्यांचे बोलणे, थट्टा, एकमेकींना सांभाळून घेणे आपण करमणूक म्हणून वाचले. माझ्या मते संघटनेचे पहिले पान तेच आहे. सभा भरण्याआधी वाट भरते.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वाजवी आहे. ठराव करून काय झाले? १९४२ साली मागितलेली रजा मिळाली का? काहींना मिळाली. गिरण्या-कारखान्यांसाठी कायदे झाले. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. पण आमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे पाहा. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल त्या कोयत्यावर मिळते. बाईचा श्रम वेगळा मोजलाच जात नाही. एक दिवस कामावर गेले नाही तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे उलट कापले जातात. बाईचे दुखणे म्हणजे खाडा, पाळी म्हणजे खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीच्या वतीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांत डॉक्टरी व्यवहाराचाही भाग आहे. पण खाड्याची भीती हे त्यांतले एक आहे, हे त्या बाया स्वतः सांगतात. हक्काची रजा, हे १९४२च्या ठरावातले साधे शब्द आज पुन्हा वाचा. ते मला तरी रूक्ष वाटत नाहीत.

आणि ठरावाची परंपराही खंडित झालेली नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपण होऊन काम थांबवले आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर रजा होती आणि दिवाळीचा बोनसही होता. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. १९९३ साली पुण्यातच कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यांतल्या बहुतेक जणी दलित समाजातल्या. उकिरड्यावर वेचणारी बाई ओळखपत्र गळ्यात घालून नगरपालिकेशी करार करू लागली. जनाबाई शेणी वेचीत होती आणि सोबतीला देव होता. या बायांनी सोबतीला एकमेकींना घेतले. देव त्यात नाहीच, असे कोणी म्हणावे?

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच तर तीत एक प्रसंग घालण्याचे मी ठरवले आहे. बांधावर चार बाया उभ्या आहेत, ऊन चढते आहे, मालक घड्याळाकडे पाहतो आहे आणि कोणीच वावरात उतरत नाही. एवढेच. त्यात कोणी रडणार नाही. परीक्षकांना तो कदाचित नीरस वाटेल. ज्या बाईने मला प्रश्न विचारला, तिला वाटणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरी भांडी घासायला येणारी मावशी आज भाऊबीजेची सुटी मागील. ‘सणाच्या दिवसांत कशी देऊ?’ असे उत्तर ओठांवर येईल. त्या वेळी तिच्या तोंडून आलेले ते वाक्य म्हणजे एका मोठ्या, अजून नीट न वाचलेल्या ग्रंथाचे एक पान आहे, एवढे ध्यानात असू द्या. सुटी द्या, पगारी द्या. आणि फराळाचे ताट तिच्यासाठी वेगळे मांडू नका.